डाव्या बाजूचा अंधार

मी एक जुना कॅमेरा आहे, पण मित्रांनो, माझ्यासमोर केस विंचरून आणि हसून उभे राहू नका. मला केस दिसत नाहीत, हसणे दिसत नाही, अंगावरचे कपडे दिसत नाहीत. मला दिसते ते फक्त आतले. बाकी सगळे मी ऐकतो, आणि त्याचा वास घेतो. आणि खरे सांगायचे तर या ऐकण्याने आणि वासाने मला माणसांची किळस आली आहे.

एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात माझी खोली आहे. शेजारी चादरी धुण्याची खोली. मला गॅमा कॅमेरा म्हणतात, पण इथे ते नाव कुणी घेत नाही. "म्हाताऱ्याला चालू कर," "म्हातारा आज कुरकुरतोय," असेच सगळे बोलतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक मोठा, सपाट स्फटिक आहे. मिठासारखा एक पदार्थ वितळवून, मग तो फार सावकाश थंड करून हा स्फटिक वाढवतात. घाई केली की तडा जातो. स्फटिकावर शिशाचा जाड पत्रा बसवतात आणि त्या पत्र्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोके असतात. ज्या बाईने माझा स्फटिक बसवला ती त्याला हात लावण्याआधी श्वाससुद्धा बाजूला वळून सोडायची, कारण ओल लागली की स्फटिक पिवळा पडतो. जगात माझी एवढी अदब दुसऱ्या कुणी ठेवली नाही.

मी काय काम करतो ते समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. मी स्वतः कसलाही किरण सोडत नाही. आजारी माणसाच्या दंडात एक औषध टोचतात. त्या औषधाला अगदी मंद तेज असते, माणसाला न दिसणारे. औषध रक्ताबरोबर फुफ्फुसांत जाते आणि तिथून ते तेज माझ्या स्फटिकावर पडते. जिथे रक्त पोचले तिथे माझे चित्र उजळ. जिथे पोचले नाही तिथे अंधार. त्याआधी एक चित्र हवेचे काढतात. माणूस तोंडात नळी धरून औषधाची वाफ ओढतो. जिथे हवा गेली तिथे उजेड. मग दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावायची. हवा जाते पण रक्त जात नाही, असे एखाद्या जागी दिसले तर सहसा रक्ताची गुठळी अडकलेली असते. 'सहसा' हा शब्द नीट ऐका. या एका शब्दावर माणसे किती निवांत झोपतात ते मी पाहिले आहे.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. मला बघायला लांबून डॉक्टर यायचे. माझ्या चित्रांवरून किती तरी माणसांच्या गुठळ्या सापडल्या, औषधे मिळाली, माणसे पायांनी चालत घरी गेली. त्या नळीतून लाळ ओघळायची, कुणी खोकताना माझ्या अंगावर थुंकी उडवायचे, कुणी भीतीने पलंगच ओला करायचे. मला त्याची किळस कधी आली नाही. आजारी माणसाची घाण म्हणजे त्याचे दुखणेच. ती पुसली की गेली.

किळस आली ती धडधाकट माणसांची. स्फटिकासाठी माझी खोली कायम गार ठेवावी लागते. ते कळल्यावर वरच्या मजल्यावरची माणसे आपले डबे माझ्या कपाटात ठेवू लागली. इथे खाण्याचे काही ठेवू नये असा नियम आहे, दारावर पाटीही आहे. पाटीखालीच उकडलेल्या अंड्यांचा डबा उघडायचे. कुणी पावसात भिजलेले मोजे माझ्या हातावर वाळत घातले. कुणी चघळून झालेला च्युइंगम माझ्या पलंगाखाली चिकटवला, तो अजून तिथेच आहे आणि आता त्याला केस चिकटले आहेत. पलीकडच्या खोलीत नवे, मोठे, झटपट काम करणारे सीटी स्कॅनचे यंत्र आले आणि मी कोट टांगायची खुंटी झालो. त्या कोटांना घाम, सिगारेट आणि अत्तर असा मिळून जो वास यायचा, तो मी दिवसभर अंगावर वागवायचो.

तरीही, मित्रांनो, मी म्हणायचो, ठीक आहे, माणसे अशीच असतात. मग पंच आले.

त्यांना सगळे पंच म्हणत. शाळाशाळांमधल्या फुटबॉलच्या सामन्यांत ते पंच असायचे. पन्नाशी ओलांडली तरी मुलांच्या बरोबरीने मैदानभर पळायचे. बरोबर त्यांची बायको होती. ती पडदे शिवायची, आणि तिचे बोलणेही तिच्या यंत्रासारखे न थांबणारे होते. माझे काम करणारा तंत्रज्ञ इतका उंच की दारातून वाकून यावे लागे, म्हणून त्याला लंबू म्हणत.

"झोपा काका," लंबू म्हणाला. "हात डोक्यावर घ्या. ठेवता येतील ना थोडा वेळ?"

"सामन्यात वेळ झाली की हात वरच असतो माझा," पंच म्हणाले आणि खोकू लागले. खोकला ओला होता, खोलवरचा. खोकून झाल्यावर त्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला. त्यात रक्त होते. त्याचा लोखंडी वास मला लगेच कळला.

"आता कसला सामना," बायको म्हणाली. "शिट्टी तोंडात धरली की एक फुंकर, आणि मग खोकला. पोरं विचारतात, सर, हा फाउल होता की खोकला."

"अगं, त्यांना काम करू दे."

"मी कुठे त्यांचा हात धरलाय?"

लंबू हसला. पुढे तिने भराभर सगळे सांगितले. खोकला सुरू होऊन महिने झाले होते. एका डॉक्टरने न्यूमोनिया म्हणून औषधे दिली. दुसऱ्याने पुन्हा न्यूमोनिया म्हटले. तिसऱ्याने दम्याचा पंप दिला. तिचा भाऊ म्हणाला, घरातल्या गालिच्याची धूळ बाधते, म्हणून चांगला नवा गालिचा तिने देऊन टाकला. "गालिचा गेला, खोकला राहिला," ती म्हणाली. "आणि हे सगळं यांनी अंगावर काढलं म्हणून. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

लंबूचे ठरलेले प्रश्न होते. ते तो सुई तयार करता करता विचारायचा, उत्तर येईपर्यंत पुढचा प्रश्न सुरू झालेला असायचा.

"औषधाची काही ॲलर्जी?"

"नाही."

"सिगारेट?"

"नाही."

"ऑपरेशन काही झालंय आधी?"

"नाही."

"अहो, अपेंडिक्सचं सांगा की," बायको म्हणाली. "शाळेत होते तेव्हा झालंय. एवढा मोठा व्रण आहे."

"ते धरायचं का?"

"धरा, धरा," लंबू म्हणाला. "आम्ही सगळं धरतो."

"मग अपेंडिक्स. त्यानंतर सुरीनं कुणी मला हात लावलेला नाही," पंच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरा ऐटच होती.

झाले. सगळ्यांचे समाधान झाले. पंचांनी तोंडात नळी धरली, वाफ ओढली. मी हवेचे चित्र काढले. दोन्ही फुफ्फुसे भरली होती. मग दंडात सुई टोचली आणि मी रक्ताची वाट पाहू लागलो. उजवे फुफ्फुस लख्ख उजळले. डावीकडे वरच्या भागात काहीच आले नाही. खालचा भाग विझत आलेल्या निखाऱ्यासारखा होता, आहे की नाही अशी शंका यावी इतका. माणूस जिवंत आहे, बोलतो आहे, थट्टा करतो आहे, आणि त्याच्या छातीची एक बाजू अंधारात बुडाली आहे. इतक्या वर्षांत मी असा एकतर्फी अंधार क्वचित पाहिला होता. आणि त्याच वेळी कपाटातून कुणाच्या तरी अंड्यांची घाण येत होती.

चित्रे वाचायला डॉक्टरबाई आल्या. मोठ्या हुशार. त्यांनी पंचांना पडद्याआडूनच नमस्कार केला आणि दोन्ही चित्रे शेजारी लावली. त्यांचा फोन वाजत होता.

"हवा जाते, रक्त जात नाही," त्या लंबूला हळू आवाजात म्हणाल्या. "गुठळ्या." मग क्षणभर थांबल्या. "सगळं डावीकडेच आहे. विचित्र आहे जरा." फोन पुन्हा वाजला. "गुठळ्याच धरू. वर कळव. रक्त पातळ करायची औषधं सुरू करा, खोकल्याचं तेच चालू ठेवा, आणि घरी सोडा." आणि त्या निघाल्या.

मित्रांनो, ही ती किळस. त्यांना दिसले नाही असे नाही. दिसले. विचित्र आहे असे तोंडाने म्हटले, आणि फोन कानाला लावून चालू लागल्या. अंड्यांचा वास मी सहन केला, मोज्यांचा केला. हे मला सहन होईना. पण मी कॅमेरा. मला ओकारी येत नाही, ओरडता येत नाही. मी नुसता घुं घुं करत राहिलो.

लंबूने पंचांना उठवून बसवले. "काका, फुफ्फुसात गुठळ्या दिसतायत. घाबरू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या देतील."

"परत?" बायको म्हणाली. "अहो, त्या तर तुमच्या आत्ताच कुठे बंद झाल्या."

दाराचा आवाज मध्येच थांबला. डॉक्टरबाई अजून उंबऱ्यातच होत्या.

"कुठल्या गोळ्या?" त्यांनी विचारले.

"रक्त पातळ करायच्या. हृदयवाल्यांनी दिल्या होत्या. ठोके चुकायचे ना यांचे. छातीत पाखरू फडफडल्यासारखं व्हायचं. मग तार घातली, त्यानंतर काही महिने गोळ्या घ्यायच्या होत्या."

"तार कुठून घातली?"

"मांडीतून," पंच म्हणाले. "मांडीतून वर हृदयापर्यंत. आत कुठेतरी चटके दिले म्हणाले. ठोके मात्र एकदम नीट झाले हो. त्यांचं काम चोख."

"खोकला त्याआधीचा की नंतरचा?"

मग बायको हळू म्हणाली, "नंतरचा."

"तुम्ही ऑपरेशन झालं नाही म्हणालात."

"ते ऑपरेशन नाही ना पण," पंच म्हणाले. त्यांना खरेच कळत नव्हते की आपले काय चुकले. "सुरी नाही, टाका नाही. दुसऱ्या दिवशी घरी आलो. तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं. मी घाबरलो होतो, तर ते म्हणाले, काका, कशाला घाबरता, हे काय ऑपरेशन आहे का?"

डॉक्टरबाईंचा फोन वाजला आणि त्यांनी तो बंद केला.

"आम्ही सगळेच असं सांगतो," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा सांगते. माणसाला धीर यावा म्हणून. आणि मग दुसऱ्या खोलीत बसून तुम्हालाच विचारतो, ऑपरेशन झालंय का."

मग त्या स्टूल ओढून पंचांजवळ बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितले. तुम्हीही ऐका. फुफ्फुसात शुद्ध झालेले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या काही शिरा असतात. ठोके बिघडवणारी गडबड पुष्कळदा या शिरांच्या तोंडाशी उठते. म्हणून डॉक्टर तिथे गोल चटके देतात, म्हणजे ती गडबड हृदयात शिरत नाही. बहुतेकांचे काहीच बिघडत नाही, माणूस बरा होतो. पण क्वचित चटक्याची जागा भरून येताना आकसते, जाळाजवळ धरलेले प्लास्टिक आकसते तशी, आणि शिरेचे तोंड अरुंद होते. मोरीचे तोंड तुंबले की वरून पाणी ओतून उपयोग नाही, ते साचून राहते. तसेच फुफ्फुसातून रक्त बाहेर पडायला वाट नसली की नवे रक्त आत जात नाही. साचलेल्यातून खोकला, दम, थुंकीत रक्त. माझ्या चित्रात मात्र हे हुबेहूब गुठळीसारखे दिसते.

"म्हणजे गुठळ्या नाहीत?" बायकोने विचारले.

"मला वाटत नाही. पण वाटण्यावर मी आता काही ठरवणार नाही. आत्ताच्या आत्ता शेजारी सीटी करू. तिथल्या माणसांना या शिरा नीट बघायला सांगते."

सीटी यंत्र माझे वैरी. भिंतीपलीकडे ते नेहमी मिजाशीत घरघरते. त्या दिवशी मी त्याची घरघर जीव लावून ऐकली. थोड्या वेळाने डॉक्टरबाईंचा आवाज भिंतीतून आला. डावीकडे दोन शिरा होत्या. वरची पूर्ण बंद झाली होती. खालची धाग्याएवढी उघडी होती.

"आणि गोळ्या घेऊन घरी गेलो असतो तर?" पंचांनी विचारले.

"हीसुद्धा बंद झाली असती. मग सगळी डावी बाजू गेली असती."

"आणि मी मेहुण्याला म्हणत बसलो असतो, आता कुठला गालिचा टाकू."

बायको रडत होती.

मला वाटले, चला, माणसांना अक्कल आली. पण किळस इतक्यात संपायची नव्हती. वरचे डॉक्टर एकमेकांशी बोलायला माझ्याच खोलीत आले, कारण ती गार होती आणि तिथे रोगी नव्हते. एक हृदयाचा, एक छातीचा. दोघांच्या तोंडाला कॉफीवर चघळलेल्या पेपरमिंटचा वास.

"असं होऊ शकतं हे आम्ही रोग्यांना आधी सांगतो," हृदयाचा म्हणाला.

"तुम्ही त्यांना सांगता. आम्हाला कोण सांगतं?"

"तुम्ही विचारत नाही."

"हा रोगी मुळात तुमचा."

"खोकला फुफ्फुसाचा आहे. माझा नाही."

असे ते एका माणसाचे दोन भाग करून एकमेकांच्या अंगावर ढकलत राहिले, जेवणानंतर उष्टी ताटे ढकलतात तसे. इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. शेवटी डॉक्टरबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "तो माणूस वर अख्खाच झोपलाय. कुणाचा किती ते नंतर ठरवा. शीर कधी उघडताय, तेवढं सांगा." दोघांनी वेळ ठरवली. निघताना एकाने पेपरमिंटचा कागद माझ्या पलंगावर टाकला.

शीर उघडायला पुन्हा मांडीतूनच तार घातली. अरुंद जागी फुगा फुगवला आणि मग तिथे जाळीची बारीक नळी बसवली, तोंड उघडे राहावे म्हणून. वरची शीर मात्र उघडता आली नाही. वाटच उरली नव्हती. हे मला लंबूने सांगितले. माझ्याशी तो बोलतो, यंत्र पुसताना. त्याने हेही सांगितले की वर नेताना पंचांनी हृदयाच्या डॉक्टरला विचारले, "हे ऑपरेशन धरायचं ना?" आणि बायको म्हणाली, "आता तुम्ही शिंकलात तरी धरायचं."

काही आठवड्यांनी ते दोघे पुन्हा माझ्याकडे आले. खोकला गेला होता. पंच माझ्या पलंगावर झोपले, दंडात सुई गेली आणि मी वाट पाहू लागलो. उजवीकडे उजेड आला. मग डावीकडे खाली. निखाऱ्यासारखा नाही, चांगला भरघोस उजेड. वर अंधारच राहिला.

"मला दाखवा," पंच म्हणाले. डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हा खालचा भाग परत आला. आता पळालात तर दम लागेल, पण पळता येईल. हळूहळू."

"आणि हा वरचा?"

"तो असाच राहील."

"लवकर आलो असतो तर?"

बायको काही तरी बोलणार होती. इतके महिने ती तेच बोलत आली होती, तुम्ही अंगावर काढलंत म्हणून. पण डॉक्टरबाई आधी बोलल्या.

"तुम्ही लवकरच आला होतात. पहिल्या डॉक्टरकडे गेलात, दुसऱ्याकडे गेलात, तिसऱ्याकडे गेलात. उशीर तुम्ही केला नाही. आम्ही ऐकून घेतलं नाही. मीसुद्धा दारापर्यंत गेलेच होते."

पंच काही वेळ पडद्याकडे तोंड करून बसले असावेत, कारण त्यांचा श्वास माझ्या दिशेने येत नव्हता. मग बायको म्हणाली, "ऐकलंत का? मी उगीच तुम्हाला बोलत राहिले."

"तू बोलत राहिलीस म्हणून तर गोळ्यांचं निघालं," पंच म्हणाले. "आता बंद नको करू."

ते गेले. लंबूने चादर काढली, पलंग पुसला. पुढच्या बाई आत आल्या तेव्हा त्याने हातातली सुई खाली ठेवली, समोर स्टूलवर बसला आणि विचारले, "मावशी, अंगात कधी काही घातलं होतं का? तार, नळी, काहीही. टाका पडला नसेल तरी सांगा. ऑपरेशन नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तरी सांगा." मावशींनी विचार करायला फार वेळ घेतला. लंबू थांबला.

मित्रांनो, मी आता फार दिवस इथे नाही. माझ्या स्फटिकाला कडेने पिवळेपणा आला आहे, माझे सुटे भाग मिळत नाहीत, आणि माझ्या जागी नवा कॅमेरा येणार असे ऐकतो. त्याचे अंग पुसा, त्याच्या खोलीत डबे ठेवू नका, त्याच्यावर ओले मोजे वाळत घालू नका, हे तर सांगतोच. पण ती घाण काही मोठी नाही, फडक्याने निघते. एका माणसाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर येण्याआधी पाठ फिरवायची, ही घाण कुठल्याच फडक्याने निघत नाही. ती माणसाच्या छातीत काळी जागा होऊन राहते आणि मला तिचे चित्र काढावे लागते.

नवा कॅमेरा माझ्याहून लखलखीत असेल, भराभर काम करेल. अंधार त्यालाही दिसेल. पण तो कशाने पडला हे त्याला कळणार नाही, जसे मला कळले नाही. ते त्या पलंगावरच्या माणसालाच विचारावे लागेल, त्याला कळेल अशा शब्दांत. तेवढे विचारा, आणि तो सांगून संपवेपर्यंत खोलीतून जाऊ नका.